रशियन अडलीय? नवे शब्द थोडे थांबवा

रशियन शिकणाऱ्यांचे पहिले काही महिने मजेत जातात. 33 अक्षरं लवकरच वाचता येतात, पाट्या लागतात, स्वतःची ओळख करून देता येते. मग क्रियापदं येतात आणि गाडी अडते. वर्गाला दांड्या पडू लागतात त्या इथूनच.

सोडण्याआधी थोडा हिशेब बघा. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या रशियन परीक्षेत प्राथमिक पातळीला सुमारे 780 शब्द लागतात, पुढच्या पातळीला 1300, त्यापुढे 2300. दर टप्प्याला अंतर वाढतं, म्हणून तेवढ्याच मेहनतीत आपण जागच्या जागी असल्यासारखं वाटतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांसाठी रशियनचे सुमारे 1100 तास धरलेत. आठवड्याला चार तास देऊन वर्षभरात फाडफाड बोलता यावं, हा हट्ट सोडा.

शब्दांच्या याद्या वाढवूनही हे सुटत नाही, कारण खरी गोची क्रियापदांत आहे. रशियनमध्ये बहुतेक क्रियापदं जोडीने येतात. 'हे पुस्तक वाचलंस का?' याला 'चिताल' म्हणालात, तर वाचत होता एवढंच कळतं. 'प्रचिताल' म्हणालात, तर शेवटचं पान उलटून झालेलं असतं. मराठी माणसाने यात बिचकू नये. 'वाचलं' आणि 'वाचून काढलं' हा भेद आपण रोज पाळतोच. तीन लिंगं आणि विभक्त्याही आपल्याला नव्या नाहीत. (रूबलची गोष्ट मात्र वेगळी: एकाला एक रूप, दोन ते चारला दुसरं, पाचपासून तिसरं, आणि एकविसाला परत पहिलं! इथे वैतागायचा हक्क सगळ्यांना आहे.)

तेव्हा महिनाभर नवे शब्द बंद ठेवा. येणारी क्रियापदंच जोडीने, पूर्ण वाक्यात घोका. नामही सुटं नको: 'मस्क्वा', 'व मस्क्व्ये', 'इज मस्क्वी' असं एका दमात म्हणा. दहा ओळींचा उतारा घ्या, त्याचं ध्वनिमुद्रण ऐका आणि मागोमाग मोठ्याने बोला. छापील मजकुरात आघाताची खूण नसते आणि आघात नसलेला 'ओ' 'अ'कडे झुकतो. दुधाचा शब्द लिहायचा 'मोलोको', बोलायचा 'मलाको'. नुसतं डोळ्यांनी शिकणाऱ्याला समोरचा काय बोलला ते कळत नाही, ते यामुळेच.

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेल्या मुलामुलींना हे जरा जास्त कळकळीने सांगायचंय. तुमचे तास इंग्रजीत होत असतील, पण वॉर्डातला पेशंट कुठे दुखतंय ते रशियनमध्येच सांगणार. वॉर्डात जायच्या वर्षाची वाट पाहू नका. पेशंटला विचारायचे प्रश्न आत्ताच पाठ करा, आणि त्यांची संभाव्य उत्तरंही.