पाकीट हवे, ठेकेदार नको

कुपोषण हा आदिवासी भागाचा प्रश्न, रेल्वे कामगारांच्या संघटनेला त्याचे काय, असे आपल्यातीलच काहीजण विचारतात. आम्ही बसतो खिदिरपूरला. १९४३ च्या दुष्काळात याच शहराच्या फुटपाथवर माणसे मेली. त्या वेळी भुकेने खंगलेल्यांसाठी तांदूळ व साखरेचे एक मिश्रण निघाले होते. १९४५ मध्ये बेलसेन छळछावणीतून सुटलेल्या कैद्यांना तेच दिले गेले, आणि ते इतके गोड की अनेकांच्या घशाखाली उतरेना. खंगलेल्या शरीराला काय द्यावे हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. पोट लहान, अंगात ताकद नाही. पातळ खिचडीने ते सावरत नाही. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये यावर शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे व क्षार यांची पेस्ट तयार झाली. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी. शिजवायचे नाही, पाणी घालायचे नाही, त्यामुळे दूषित पाण्याच्या गावातही चालते. भूक शाबूत असलेले, दुसरा आजार नसलेले मूल घरीच बरे होऊ शकते. बाकीच्यांना दवाखानाच हवा. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी या पद्धतीस पाठिंबा दिला.

आपल्याकडे मात्र वाद. बिहार व मध्य प्रदेशात युनिसेफने आणलेली पाकिटे २००९ मध्ये सरकारने परत पाठवायला लावली. २०१७ मध्ये केंद्राने पुरावा अपुरा असल्याचे राज्यांना कळविले. विरोधकांची भीती अशी की पाकिटाच्या वाटेने कंपन्या शिरतील आणि आईचा घरच्या घासावरचा विश्वास उडेल. ही भीती पोकळ नाही. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला होता. तरी महाराष्ट्रात महिला मंडळांच्या आडून बडे पुरवठादार शिरल्याचे न्यायालयाच्याच आयुक्तांनी २०१२ मध्ये दाखवून दिले.

पण म्हणून मेळघाटातल्या मुलाने थांबायचे काय? १९९३ पासून धारणी-चिखलदऱ्याच्या बालमृत्यूंवर समित्या झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले. (धूळघाटवरून जाणारी अकोला-खंडवा मीटरगेज गाडीही २०१७ मध्ये बंद पडली, त्या गावांना तेवढाच स्वस्त आधार होता.) आमचे मत स्पष्ट आहे. पाकीट हे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांसाठी, जरूर द्यावे. ते रोजच्या आहाराच्या जागी येता कामा नये. आणि त्यात असे काय आहे जे येथे बनत नाही? मुंबईच्या सायन रुग्णालयाने तशी पेस्ट स्वतः तयार केली आहे. सरकारी रुग्णालये व सहकारी दूध संघ हे काम करू शकतात.

राहिली ती दंडघेराची पट्टी धरणारी बाई. अंगणवाडी सेविकेला कामगार माना, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. हातात पडते ते अजून मानधनच. वजन, नोंदवही, पाकीट, पोषण, सारे तिच्याच माथी. नवी योजना आली की काम वाढते, पगार नाही; हा अनुभव गँगमनला नवा नाही.

पुढील शाखासभेत आम्ही ठराव मांडत आहोत: उपचार-आहाराचे उत्पादन सरकारी व सहकारी क्षेत्रात व्हावे, आणि सेविका-मदतनीस यांना वेतनश्रेणी मिळावी. शाखांनी आपल्या सूचना सभेपूर्वी लेखी पाठवाव्यात.