‘टेम्प १’ म्हणजे कुठले तापमान? किल्लारी, लातूर आणि यंत्रातील नावे (थ्रेड)

१/ ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. त्या भूकंपात सुमारे १०,००० माणसे दगावली. भूकंपशास्त्राच्या इंग्रजी लेखनात तो बहुधा ‘लातूरचा भूकंप’ ठरला. मराठवाड्याच्या तोंडी मात्र तो आजही ‘किल्लारीचा भूकंप’ आहे.

२/ किल्लारी औसा तालुक्यात, लातूर शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर. जिल्ह्याचे नाव म्हणून ‘लातूर’ चुकीचे नाही. पण हा जिल्हाच १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, आणि उद्ध्वस्त झालेले सास्तूर उस्मानाबादेतच राहिले. सास्तूर दोन्ही नावांतून गळते, हे खरे. तरीही ‘किल्लारी’ निदान जमिनीकडे बोट दाखवते.

३/ संगणकाच्या आतही हाच पेच आहे. तिथे तापमापक एक नसतो. प्रोसेसरपाशी, वीजपुरवठ्यापाशी, हवा आत शिरते तिथे, असे अनेक असतात. लिनक्स ही कार्यप्रणाली त्यांची मापे ‘टेम्प१_इनपुट’, ‘टेम्प२_इनपुट’ अशा फायलींत ठेवते. फाईलीत ४५००० दिसले तर ते ४५ अंश सेल्सिअस, कारण एकक अंशाचा हजारावा भाग आहे. माप इतके बारीक, आणि ते कुठले याचा पत्ता नाही!

४/ यंत्रात काय काय जोडले आहे याची वंशावळीसारखी नोंद ठेवण्याची कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सच्या यंत्रांत मिच ब्रॅडली यांचे ‘ओपनबूट’ आले; १९९४ मध्ये ते ‘आयईईई १२७५’ हे मानक झाले. आजचा ‘डिव्हाइस ट्री’ त्याच घराण्यातला. २०११ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी एआरएम यंत्रांच्या कोडमधील गोंधळावर जाहीर त्रागा केला, आणि त्यानंतर ही पद्धत तिकडेही वेगाने रुजली.

५/ या वंशावळीत तापमापकाची नोंद ‘टेम्परेचर-सेन्सर@४८’ अशी असते. आधी जात, मग तारेवरचा पत्ता. ‘एलएम७५’ ही प्रसिद्ध चिप ४८ ते ४एफ असे आठ पत्ते घेऊ शकते. म्हणजे एकाच तारेवर आठ सख्खी भावंडे, नावे जवळजवळ सारखी.

६/ महसुली दप्तराने सारख्या नावांच्या गावांवर काढलेला तोडगा मराठी माणसाला ठाऊक आहे: बुद्रुक आणि खुर्द. फारसीत ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, ‘खुर्द’ म्हणजे लहान. गावे वेगळी ओळखता आली, पण कोणते कुठे आहे हे कळले नाही. शिवाय खुर्द वाढून बुद्रुकाला मागे टाकते, तरी दप्तरात ते खुर्दच राहते.

७/ डिव्हाइस ट्रीत यावर सोय आहे. ‘लेबल’ नावाचा रकाना माणसासाठी ठेवलेला असतो. त्यात ‘हवा-प्रवेश’ किंवा ‘वीज-विभाग’ इतके जरी लिहिले तरी पुरते. अनेक बोर्डांच्या नोंदींत मात्र तो कोरा असतो, नाहीतर चिपचेच नाव पुन्हा उतरवलेले असते. हा निव्वळ आळस आहे आणि त्याची किंमत दुसराच मोजतो. नांदेडच्या एखाद्या सर्व्हर खोलीत मे महिन्याच्या दुपारी ‘टेम्प ३’ ८५ वर गेला, तर तिथल्या तंत्रज्ञाने पंखा पाहावा की वीजपुरवठा?

८/ जागेवरून ठेवलेले नाव शिळे होते, हा आक्षेप खरा आहे. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. किल्लारीचे नाव माणसांबरोबर गेले, जमीन मागे राहिली. म्हणून तर ‘जुने किल्लारी’ म्हणावे लागते.

९/ यंत्रात हे अधिक गुपचूप घडते. बोर्डाची नवी आवृत्ती निघते, तापमापक दोन बोटे सरकतो, पत्ता तोच राहतो आणि जुनी फाईल जशीच्या तशी उतरवली जाते. मग नोंदीत ‘हवा-प्रवेश’ लिहिलेला तापमापक प्रत्यक्षात वीज-विभागाशेजारी तापत असतो, आणि पंखे त्या नावावर विश्वास ठेवून फिरत राहतात.