नाटक बसविण्याचा व्यवसाय

सुशिक्षित कुटुंबांतील वडील माणसांपुढें अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहूं लागला आहे. मुलगा नट होऊं म्हणतो, हा प्रश्न जुना; त्याचें उत्तर आमच्या आजोबांच्या पिढीनें ठरवून टाकलें होतें, आणि तें बहुधा छडीच्या रूपानें दिलें जाई. आतां मुलगा, आणि तितक्याच निश्चयानें मुलगीही, म्हणते कीं, ‘मला नाटकांत काम करावयाचें नाहीं, मला नाटक बसवावयाचें आहे.’ हें ऐकून घरांतील मंडळी गोंधळून जातात. गवयाचें गाणें कानांनीं ऐकतां येतें, नटाचा अभिनय डोळ्यांनीं पाहतां येतो. परंतु पडदा उघडल्यावर जो रंगमंचावर कोठेंच दिसत नाहीं, त्याचें काम तें कोणतें, तें शिकावयाचें कोठें, आणि त्यावर संसार चालतो कीं नाहीं, हें कोणास विचारावें हेंच कळत नाहीं. या तीन प्रश्नांचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा कलह आहे. दोघांत श्रेष्ठ कोण, याचा निर्णय त्यांच्या वादविवादावरून न करितां त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून करावा, असें तेथें ठरतें. पंडिता कौशिकी जो विचार सांगते त्याचा मथितार्थ असा कीं, कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायीं शोभते, कोणाची ती दुसऱ्यास देण्यांत; ज्यास दोन्ही साधतें तो शिक्षकांत अग्रगण्य. दिग्दर्शकाच्या व्यवसायाचें मर्म यांत आलें आहे. त्याची विद्या दुसऱ्याच्या देहांतून आणि वाणींतून प्रकट व्हावयाची असते. गवई पहांटे तंबोरा घेऊन एकटा बसूं शकतो. लेखकास कागद आणि लेखणी पुरे. दिग्दर्शकास मात्र नुसत्या सरावासाठीं सुद्धां आठदहा माणसें, एक मोकळी खोली आणि दोन महिन्यांच्या संध्याकाळी लागतात. म्हणून त्याच्या बाबतींत ‘संधि’ या शब्दाचा अर्थ पदवी नव्हे आणि नोकरीही नव्हे. माणसें, जागा आणि वेळ हीं तीन जेथें मिळतील ती संधि. एवढें सूत्र हातीं धरलें म्हणजे पुढील निवड करणें सोपें जातें.

हें काम मराठी रंगभूमीस नवें नाहीं. नांव तेवढें नवें. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेथपासून नाटक बसविणारा कोणी ना कोणी होताच. नाटक मंडळ्यांच्या काळांत त्यास तालीममास्तर म्हणत, आणि गोविंद बल्लाळ देवल यांचें नांव त्या कामांत फार मोठें होतें. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि देवल या दोघांनींही बेळगांवास शिक्षकाचें काम केलें होतें, याचा आमच्यासारख्या जुन्या मास्तरास थोडासा अभिमान वाटला तर वाचकांनीं तो गोड मानून घ्यावा. त्या मंडळ्यांत नवशिका मुलगा बिऱ्हाडींच राहत असे. दोन वेळचें जेवण मिळे, आणि रोजची तालीम पाहतां पाहतां तो शिके. १९३२ सालीं मराठी बोलपट आला, पुढच्या कांहीं वर्षांत बहुतेक मंडळ्या मोडल्या, आणि त्यांच्याबरोबर उमेदवारीची ही सोयही मोडली. त्यानंतर जें कांहीं उभें राहिलें तें या मोडलेल्या घराच्या एकेका खोलीची भरपाई करणारें आहे. सबंध घर पुन्हां झालें नाहीं.

पहिली खोली स्पर्धेची. शासनाची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासूनची आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनें १९६३ सालीं पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा सुरू केली. राज्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या निरनिराळ्या शहरीं होत असल्यामुळें मुंबईपुण्याबाहेरच्या मुलासही घरचें अन्न खाऊन नाटक बसवितां येतें. संस्कृत नाटकांची आणि बालनाट्यांची स्पर्धा निराळी असते, तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. नवशिक्यानें तें द्यावें. स्पर्धेचा खरा लाभ करंडक नव्हे, तारीख हा होय. तारीख ठरली कीं माणसें जमतात, जागा शोधली जाते आणि काम तडीस जातें. मात्र परीक्षकांस काय आवडेल याचा अंदाज बांधून नाटक बसविण्याची संवय एकदां जडली कीं ती सहसां सुटत नाहीं. म्हणून पांचसात वर्षें स्पर्धा करून त्या खोलींतून बाहेर पडावें हें बरें.

दुसरी खोली शिक्षणाची. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालीं संगीत नाटक अकादमीनें स्थापिलें आणि १९७५ पासून तें स्वायत्त आहे. तेथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यास पदवी तर लागतेच, शिवाय आधीं रंगभूमीवर प्रत्यक्ष काम केलेलें असावें लागतें. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र १९८७ पासूनचें, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ ची. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतही नाट्यशास्त्राचा विभाग आहे. अशा ठिकाणीं प्रकाशयोजना, नेपथ्य, संहितेचें विवरण हे विषय शिस्तीनें शिकवितात, आणि सोबतीस समानधर्मी माणसें मिळतात. परंतु पालकांनीं एक ध्यानांत ठेवावें. ‘दिग्दर्शक पाहिजे’ अशी जाहिरात वर्तमानपत्रांत येत नाहीं. या पदवीनें महाविद्यालयांत वा शाळेंत शिकविण्याचें काम कदाचित् मिळेल. नाटक मात्र स्वतःच उभें करावें लागतें.

तिसरी खोली उमेदवारीची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत मोलाची. १९६० सालीं विजया मेहता प्रभृति मंडळींनीं मुंबईस ‘रंगायन’ काढलें. १९७१ सालीं अरविंद व सुलभा देशपांडे यांनीं ‘आविष्कार’ स्थापन केलें. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत ‘आविष्कार’चे प्रयोग होऊं लागले. शाळेचें एक साधें सभागृह मिळालें, आणि त्या आधारावर नव्या नाटककारांची व दिग्दर्शकांची एक पिढीच्या पिढी उभी राहिली. औरंगाबादेहून मुंबईस आलेले चंद्रकांत कुलकर्णी यांनीं १९९४ सालीं महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’सह तीन नाटकांचा सलग प्रयोग केला, तो याच संस्थेसाठीं. छबिलदासचे ते दिवस आतां राहिले नाहींत. परंतु पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारखीं लहान नाट्यगृहें आणि गांवोगांवच्या हौशी संस्था आहेत. तेथें जाऊन नवशिक्यानें प्रथम सहाय्यक व्हावें. संहिता हातीं धरून बसावें, सामानाची यादी करावी, गैरहजर नटाच्या जागीं उभें राहावें. संस्कृत नाटकांतील सूत्रधार प्रयोगाचा प्रमुख असे. आजच्या मराठी नाटकांच्या जाहिरातींत ‘सूत्रधार’ हें नांव प्रयोगांची व्यवस्था पाहणाऱ्यास देतात. दोन्ही अर्थ ज्यास कळले तोच पुढें टिकतो.

आतां पोटाचा प्रश्न. व्यावसायिक रंगभूमीवर दिग्दर्शकास नाटक बसविण्याबद्दल ठरीव रक्कम आणि पुढें प्रयोगागणिक मानधन देण्याची रीत आहे. या मानधनास त्या धंद्यांत ‘नाईट’ म्हणतात. म्हणजे नाटक चाललें तर मिळकत, पडलें तर थांबली. जें ठरेल तें पहिल्या तालमीपूर्वी कागदावर घ्यावें. ओळखीच्या माणसाशीं कागद कसला करावयाचा, हा संकोच पुष्कळांस महाग पडतो. हौशी आणि प्रायोगिक नाटकांत मिळकत जवळजवळ नाहींच. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक खात्याची १८ ते २५ वर्षांच्या कलावंतांसाठीं दोन वर्षें दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ति आहे. २५ ते ४० वर्षांच्यांसाठीं दरमहा १०,००० रुपयांची कनिष्ठ अधिछात्रवृत्ति, तीही दोन वर्षांची. दोहोंत रंगभूमीचा समावेश होतो. नियम वेळोवेळीं बदलतात, म्हणून अर्जापूर्वी ताजें पत्रक पाहावें. बालनाट्य-शिबिरें आणि शाळांतील नाट्यवर्ग यांवरही कित्येक जण निर्वाह करितात. नोकरी धरून हें काम होतच नाहीं असेंही नाहीं. १९७२ सालीं ‘घाशीराम कोतवाल’ बसविणारे जब्बार पटेल वैद्यकीचे पदवीधर. सतीश आळेकर हे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राचें काम करितां करितां नाटकें लिहीत व बसवीत असत, आणि १९९६ सालीं ललित कला केंद्राचे प्रमुख झाले.

पुष्कळ पालकांचा प्रश्न असतो, ‘आमच्या मुलाच्या अंगीं हा गुण आहे, हें ओळखावें कसें?’ आम्हीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं अनेक वर्षें मुलांकडून लहान नाटकें करविलीं. मोठ्यानें हुकूम सोडणारा मुलगा सर्वांस दिग्दर्शक वाटे. पण एका वर्षीं एक भित्रा मुलगा रंगमंचावर आला कीं हात कोठें ठेवावे हें न कळून वाक्यच विसरे. सर्वांनीं त्यास दटावून पाहिलें. एका शांत मुलानें मात्र त्याच्या हातांत पाण्याचा तांब्या दिला आणि सांगितलें, ‘हा सांडूं न देतां आण, मग बोल.’ तो मुलगा एक शब्दही न चुकतां बोलला. दुसऱ्याची अडचण कोठें आहे हें ज्यास दिसतें, आणि त्यास न दुखवितां ती दूर करतां येते, त्याच्या अंगीं या कामाचें बीज आहे असें समजावें.

आमच्या एकत्र कुटुंबांस या बाबतींत एक विशेष सामर्थ्य आहे, तें आम्ही विसरतों. जुनी नाटक मंडळी उमेदवारास जें देत होती, म्हणजे राहावयास जागा आणि दोन वेळचें अन्न, तें पांच मिळवित्या माणसांचें घर एकास तीन वर्षें सहज देऊं शकतें. मात्र तें देतांना मुदत मोकळेपणानें ठरवावी, आणि रोज ताटावर त्याची आठवण करून देऊं नये. मुलीसही तीच मुदत आणि तोच विश्वास द्यावा. तालीम रात्रीं उशीरां संपते म्हणून तिला अडविण्याऐवजीं घरांतील कोणी तिला आणावयास जावें. पुष्कळ मुलींचें नाटक तेवढ्यानेंच टिकेल. आणि तालीम माजघरांत वा गच्चीवर व्हावयाची असेल तर पंधरा माणसांचा चहा आईनें आणि काकूनें करावा, हें गृहीत धरूं नये. भांडीं विसळण्यापासूनची व्यवस्था तालीम करणारांनींच पाहावी. जो दहा नटांस शिस्त लावूं म्हणतो त्यानें ती येथून आरंभावी.

मुदत संपल्यावर हिशेब कसा करावा? बक्षिसें किती, वर्तमानपत्रांत नांव किती वेळां आलें, हें मोजूं नये. ज्यांनीं त्याच्या हाताखालीं एकदां काम केलें, ते दुसऱ्या नाटकास आपण होऊन परत येतात कीं नाहीं, एवढेंच पाहावें. येत असतील तर मुदत वाढवावी. येत नसतील तर त्यास जवळ बसवून, न रागावतां, दुसरा मार्ग दाखवावा. तीन वर्षें माणसें सांभाळावयास शिकलेला मुलगा कोणत्याही कामांत वायां जात नाहीं.