अंतराचा अदमास आणि सशाचा जीव

नेमबाजी ही एक थोर विद्या आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दृष्टी, श्वास, हात आणि मन ही चारही एकाच क्षणी एकाग्र झाल्यावाचून ती साध्य होत नाही. परंतु विद्या कितीही थोर असली, तरी तिचा सराव कोणावर करावा, हा प्रश्न उरतोच. सुटीच्या दिवसांत छर्‍याची बंदूक खांद्यावर टाकून माळव्याच्या शिवारात सशामागे हिंडण्याची हौस काही तरुणांस असते. या हौसेविषयी आमचे मत विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे आम्ही मांडू इच्छितो.

या शिकारीत खरी कसोटी घोडा ओढण्याची नसून अंतर ओळखण्याची असते. बंदुकीतून सुटलेला छर्रा सरळ रेषेत जातो, असा पुष्कळांचा समज आहे. तो चूक आहे. नळी सोडताच छर्रा खाली पडू लागतो. त्याचा वेग सेकंदास १८० मीटर आहे असे धरा आणि हवेचा विरोध क्षणभर विसरा. नळी आडवी धरली असता १० मीटरांवर तो सुमारे दीड सेंटिमीटर खाली येईल, २० मीटरांवर ६, ३० मीटरांवर १४ आणि ४० मीटरांवर २४. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते, हे वरच्या वर्गातील कोणाही विद्यार्थ्यास वहीवर पडताळून पाहता येईल. आता ३० मीटरांसाठी नेम साधला आणि ससा प्रत्यक्षात ४० मीटरांवर असला, तर छर्रा सुमारे ६ सेंटिमीटर खाली लागेल. हवेचा विरोध हिशेबात घेतला, तर ही चूक आणखी वाढेल.

सहा सेंटिमीटर म्हणजे किती? आपल्या दृष्टीने चार बोटांची रुंदी. सशाच्या दृष्टीने तात्काळ मरण आणि तडफड यांमधील अंतर. छर्‍याचे वजन जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. तो मस्तकात नेमका लागला तरच प्राणी जागच्या जागी मरतो. जबड्यात, पायात किंवा पोटात लागला, तर ससा झुडपात नाहीसा होतो. शिकारी ‘नेम चुकला’ म्हणून घरी परततो. त्या मुक्या जीवाचे हाल मात्र पुढे कितीतरी वेळ चालू राहतात.

आणि आपला डोळा तर पदोपदी फसतो. सूर्य पाठीशी असून प्रकाश लख्ख असला की वस्तू जवळ भासते. सांजावले की तीच दूर वाटू लागते. ससा तर बहुधा सांजसकाळीच चरावयास निघतो. म्हणजे ज्या वेळी अदमासावर विसंबू नये, नेमक्या त्याच वेळी शिकारी त्यावर विसंबतो.

यावर कोणी म्हणेल, विलायतेत छर्‍याच्या बंदुकीने सशांची शिकार राजरोस चालते, मग येथेच विधिनिषेध का? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. तेथील रानससा बिळे करून राहतो, झपाट्याने वाढतो आणि शेतीस उपद्रव देतो. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीच्या हौसेपायी असे दोन डझनांच्या आसपास ससे मोकळे सोडले गेले आणि त्यांच्या संततीने पुढे सारे खंड हैराण केले. आपला ससा निराळ्या जातीचा. तो बीळ करीत नाही. गवतातील खळग्यात दबून राहतो. त्याची पिले अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. तो या भूमीचा मूळ रहिवासी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार निषिद्ध आहे. पिकाची नासाडी होत असेल, तर निर्णय करण्याचा अधिकार कायद्याने वनखात्याच्या अधिकाऱ्यांस दिला आहे, बंदूक हाती आलेल्या कुमारास नव्हे.

शिकार ही आपल्या संस्थानांची परंपरा होती, असेही सांगितले जाते. होती, हे खरेच. शिवपुरीचे रान हे शिंदे सरकारांचे शिकारीचे रान होते. परंतु तेच रान आज माधव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते आणि २०२५ साली ते व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. परंपरेलाही शहाणपण सुचते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

मग नेमबाजी सोडून द्यावी काय? मुळीच नाही. इंदुराजवळच महू येथे भारतीय लष्कराचे नेमबाजीचे पथक आहे. त्या पथकातील विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाच्या नेमबाजीत रौप्यपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक पटकाविले. दहा मीटरांच्या हवाई रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यापुढे सशाचे मस्तक म्हणजे केवढे मोठे लक्ष्य! ज्यास आपल्या कौशल्याचा अभिमान असेल, त्याने तो ठिपका टिपून दाखवावा.

तेथे अंतर ठरलेले असते, अदमासाची परीक्षा होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठीही सोय आहे. इंग्लंडात १९८० च्या सुमारास एक खेळ सुरू झाला. पशुपक्ष्यांच्या आकाराचे पत्रे निरनिराळ्या, न सांगितलेल्या अंतरांवर उभे करतात. पत्र्यास लहानसे भोक असते. छर्रा त्यातून आरपार गेला तरच पत्रा पडतो. अंतर चुकले तर एक गुण जातो, कोणाचा पाय मोडत नाही.

आमची एक सूचना आहे. शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात अंतर ओळखण्याची स्पर्धा ठेवावी. तिला बंदूक लागत नाही. एक फीत पुरे. हात लांब करून अंगठा उभा धरावा, एक डोळा मिटून पाहावे, मग दुसरा मिटावा. अंगठा जितका सरकलेला दिसेल, त्याच्या सुमारे दहापट अंतर. फुटबॉलच्या गोलाची रुंदी ७.३२ मीटर असते. अंगठा एका खांबावरून दुसऱ्यावर गेला, तर गोल सुमारे ७३ मीटरांवर आहे असे समजावे. विटीदांडू खेळणारी मुले तर दांडूने अंतर मोजतच आली आहेत. हाच अभ्यास पुढे सर्वेक्षकास, खलाशास, सैनिकास आणि मोटार हाकणाऱ्यासही उपयोगी पडतो.

विद्यार्थिमित्रहो, अदमास चुकणे हा गुन्हा नाही. शिकणाऱ्याचा अदमास चुकणारच. परंतु त्या चुकीचे मोल दुसऱ्या जीवाने भरावे, हा न्याय नव्हे. चुकण्यासाठी कागद आहे, पत्रा आहे, क्रीडांगण आहे. सशास त्याच्या गवतात सुखाने बसू द्यावे, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.