एक ना धड, सोळा टेबलं

ऑनलाइन पोकरमध्ये एकाच वेळी ढीगभर टेबलं उघडून बसणाऱ्यांचा हिशेब ठरलेला असतो. समोरासमोर खेळताना तासाला पंचवीस-तीस डाव होतात, ऑनलाइन एका टेबलावर त्याच्या दुप्पट. मग टेबलं सोळा, तर कमाईही सोळापट. त्रैराशिक म्हणून हे ठीक आहे. पण टेबलं वाढली तरी डावामागचा नफा तेवढाच राहतो, हे यात परस्पर गृहीत धरलंय. तो राहत नाही.

समजा, तुमच्याकडे राजांची जोडी आहे. अर्धा तास निमूटपणे पानं टाकून देणारा गडी अचानक पैज वाढवतो. तुम्ही वाढवता, तो त्यावर आणखी वाढवतो. दोन-तीन टेबलांवर खेळणारा इथे थबकतो, कारण हा गडी एक्क्यांशिवाय एवढा पुढे येणारा नव्हे. सोळा टेबलवाल्याला मात्र तो आठवतच नाही. शेजारी तीन खिडक्या लुकलुकताहेत, वेळ संपत आलीय. तो सवयीने सगळे पैसे पुढे सरकवतो.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार: डाव वाढले की नशिबाचे चढउतार निवळतात. कबूल. पण निवळून खाली उरते ती तुमची खरी सरासरी. साइट पॉटमधून कापते तो रेक वजा जाता ती उणे असेल, तर जास्त डाव म्हणजे तोट्याची जास्त खात्री.

रँडी ल्यू या व्यावसायिक पोकरपटूने २०१२ मध्ये आठ तासांत २३,४९३ डाव खेळून विक्रम केला. नफा झाला ७.६५ डॉलर! विक्रमासाठीचा खेळ म्हणजे रोजची कमाई नव्हे, हे मान्य. तरी आकडा बोलका आहे. कित्येक बहुटेबली मंडळी तर खेळावर नव्हे, भरलेल्या रेकमधून परत मिळणाऱ्या बक्षिसांवर जगत. पोकरस्टार्स या साइटने २०१६ पासून ती बक्षिसं कापली, तेव्हा त्यांचं गणितच कोलमडलं.

म्हणून एकाच टेबलाला चिकटून बसा, असंही नाही. एका टेबलावर माणूस कंटाळतो आणि भलतीसलती पानं खेळू लागतो. दोन-तीन टेबलं त्याला आवरतात. प्रत्येक टेबलावर कोण कसं खेळतंय हे न बघता सांगता येईल, तेवढीच टेबलं उघडावीत. (भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा इथल्यांपुरता हा वाद आता कागदी.)

सोळा टेबलांची फुशारकी मारणाऱ्यांनी आधी तीन टेबलांचा वर्षभराचा हिशेब दाखवावा, रेक वजा करून आणि बक्षिसं बाजूला ठेवून.