उंची मोजून झाली?

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी सेमिनार हॉलबाहेर काय चाललेलं असतं, जरा आठवा. दुसऱ्या कॉलेजांची मुलं आलेली असतात आणि आपला ग्रुप कोपऱ्यात उभा राहून एकेकाचं स्कॅनिंग करत असतो. तो बघ, बहुतेक मोठ्या भावाचा शर्ट घालून आलाय. ती बघ, तेल लावून घट्ट वेणी, ही काय ग्रुप डिस्कशन करणार! आणि तो ब्लेझरवाला? बाप रे, याचं सिलेक्शन फिक्स. पाच मिनिटांत सगळ्यांचा निकाल लावून आपण मोकळे. अजून कुणी तोंडसुद्धा उघडलेलं नसतं.

नोव्हेंबर २०२५ मधली ईडन गार्डन्सवरची कसोटी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. पहिल्या दिवशी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार टेंबा बवुमाविरुद्ध पायचीतचं अपील झालं. रिव्ह्यू घ्यावा की नाही, यावर आपल्या खेळाडूंची चर्चा चालली होती आणि त्यात बवुमाच्या उंचीवरून निघालेला शब्द स्टम्प माईकने टिपला. त्याची क्लिप दिवसभर फिरली. आपणही ती फॉरवर्ड केली, हसण्याच्या इमोजीसकट. बवुमावर हसायची सवय आपल्याला आधीपासूनच होती. २०२३ च्या वर्ल्ड कपआधी कर्णधारांच्या कार्यक्रमात तो डुलकी काढतोय असं वाटणाऱ्या फोटोवर किती मीम्स झाली! कॅमेऱ्याच्या अँगलमुळे तसं दिसलं, असं तो सांगत राहिला. ऐकतो कोण?

त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात, चेंडू कधी उसळतोय तर कधी खाली राहतोय अशा खेळपट्टीवर, बवुमा १३६ चेंडू खेळला आणि ५५ धावांवर नाबाद राहिला. दोन्ही संघांचे चारही डाव धरले तरी सामन्यातलं ते एकमेव अर्धशतक. आपल्याला जिंकायला १२४ हव्या होत्या, आपण ९३ वर आटोपलो. एका शब्दामुळे आपण हरलो असं म्हणणं खोटेपणा ठरेल. खेळपट्टी फिरकीची होती, आपला कर्णधार मान दुखावल्यामुळे बाहेर होता. आणि उंचीचा उल्लेख निघाला तोही रिव्ह्यूच्या हिशोबातच. पण क्लिप बघून खिदळणाऱ्या आपल्याला तरी समोर कोण उभा आहे याचा अंदाज होता का? पाच महिन्यांपूर्वीच, जूनमध्ये लॉर्ड्सवर, मांडीचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत त्याने ६६ धावा काढल्या होत्या. ऑस्ट्रेलियाचं २८२ चं लक्ष्य गाठून त्याच्या संघाने कसोटीचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. ही माहिती काही गुप्त नव्हती.

गंमत म्हणजे बुटक्या बॅट्समनचं नवल आपल्याला वाटावं? १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा करणारे गावसकर, नंतर तेंडुलकर. दोघेही मुंबईचे, दोघेही साडेपाच फुटांच्या आतबाहेर. ‘लिटल मास्टर’ म्हणून आपणच मिरवलं ना त्यांना?

कुणाच्या दिसण्यावरून हसू नये, हे घरी आणि शाळेत हजारदा ऐकून झालंय, तो पाढा आम्ही म्हणणार नाही. इथे प्रश्न तुमच्या फायद्याचा आहे. प्रतिस्पर्ध्यावर एकदा हसलात की त्याच्याकडे बघणं थांबतं. तो काय वाचून आलाय, कुठे अडखळतो, कुठला मुद्दा धरून ठेवतो, हे टिपायला लक्षच उरत नाही. ब्लेझरवाल्याच्या बाबतीत तर याहून वाईट होतं. तो चुकीचा आकडा ठोकून देतो, तुम्हाला बरोबर माहीत असतो, तरी तुम्ही गप्प बसता. त्याला अर्धे मार्क तुम्हीच देऊन टाकलेले असतात.

आम्ही हे दोन्ही एकाच दिवशी केलंय. कॉलेजात असताना एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला गेलो होतो. एक टीम सारख्या रंगाच्या ब्लेझरमध्ये, हातात फायली. त्यांना बघूनच आमचे पाय गार पडले आणि पाठ करून नेलेलं खंडन घशातच राहिलं. ब्लेझर हा त्यांच्या कॉलेजचा रोजचा युनिफॉर्म होता, हे संध्याकाळी कळलं. त्यांचा तिसरा नंबरही आला नाही.

करंडक नेला तो तालुक्याच्या कॉलेजातून एसटीने आलेल्या, पायात साध्या स्लिपर असलेल्या एका मुलीने. बक्षीस समारंभात परीक्षक तिच्या एका युक्तिवादाबद्दल बराच वेळ बोलले. सगळा हॉल माना डोलवत होता. आम्ही नुसतेच एकमेकांकडे बघत होतो, कारण तिचं नाव पुकारल्यावर ‘ही काय बोलणार’ म्हणत आम्ही कँटीनमध्ये वडापाव खायला गेलो होतो.