पोट्टं चांगलं खेळते, पण पुढे जाईल काय?

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे दिवस आले की कोर्टच्या कडेला एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘पोट्टं चांगलं खेळते बे, पाहजो, पुढे जाते हे!’ बोलणारा मनापासून बोलतो. प्रश्न एवढाच की ‘पुढे’ म्हणजे नेमकं कुठे? आणि ते ठरवायचं कशावरून?

एक उदाहरण धरून चालू. दारव्ह्यातला बी.ए. शेवटच्या वर्षाचा मुलगा. उंची पाच फूट दहा इंच. बास्केटबॉलमध्ये गार्ड, म्हणजे चेंडू वर आणणारा आणि संघ चालवणारा. कॉलेजच्या सामन्यांत सरासरी पंचवीस गुण काढतो. घरी सोयाबीन आणि कापूस. मित्र म्हणतात, पेपर राहू दे, मोठ्या शहरात ट्रायल दे. वडील म्हणतात, आधी डिग्री हातात घे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण निर्णय घेण्याआधी या मुलाचा खेळ स्काउटच्या नजरेनं पाहायला हवा.

उंची, आणि उंचीपलीकडचं

आधी कडू भाग. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलनं आजवर ज्या भारतीय मुलांना हात दिला, ते जवळपास सगळे उंचच. पंजाबचा सतनाम सिंग सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला एनबीए ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला तो पहिलाच. तरी एनबीएच्या मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही, पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. अमज्योत सिंग, पालप्रीत सिंग ब्रार आणि ग्रेटर नोएडातल्या एनबीए अकादमीत घडलेला प्रिन्सपाल सिंग, हे तिघेही साडेसहा फुटांच्या वरचे. यांची गाडी एनबीएच्या खालच्या लीगपर्यंत पोहोचली. उंची शिकवता येत नाही, म्हणून स्काउट ती आधी उचलतात आणि खेळ नंतर शिकवतात.

गार्डला ही सवलत नाही. त्याला खेळ आधी यावा लागतो. भारतीय गार्डचं मोठं उदाहरण म्हणजे वाराणसीचा विशेष भृगुवंशी. तो भारताचा कर्णधार होता. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमधल्या अॅडलेड थर्टीसिक्सर्सनं त्याच्याशी करार केला. त्या लीगच्या संघाशी करार झालेला तो पहिला भारतीय. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि तोही आपल्या पाच फूट दहापेक्षा बराच उंच आहे, हे विसरू नका.

पंचवीस गुणांच्या आत काय आहे?

पहिला प्रश्न: हे पंचवीस गुण किती शॉट मारून आले? तीस वेळा बास्केटकडे चेंडू फेकून पंचवीस काढणारा आणि पंधरा शॉटमध्ये अठरा काढणारा, यात स्काउट दुसऱ्याकडे वळतो. समोरचा संघ कसा होता हेही तेवढंच महत्त्वाचं. ज्या संघात रोज सराव करणारे दोनच जण आहेत, त्याच्याविरुद्धचे गुण पुढच्या पातळीवर अर्धेही टिकत नाहीत.

दुसरा प्रश्न: चेंडू किती वेळा घालवतो? गार्डसाठी हा आकडा गुणांपेक्षा मोठा. नियमानुसार आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या कोर्टच्या पुढे न्यायचा आणि चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा. विद्यापीठ स्पर्धेत समोरचा संघ पूर्ण कोर्टवर प्रेस लावतो, दोघं अंगावर येतात, तेव्हा गार्डची खरी परीक्षा होते. एक सोपं माप ठेवा. एका चुकीमागे निदान दोन असिस्ट, म्हणजे बास्केट होणारे पास, असतील तर हात भरवशाचा. चुका जास्त आणि पास कमी, तर गुण कितीही असोत, संघ त्याच्या हाती कुणी देणार नाही. डाव्या हातानं ड्रिबल करत डावीकडे जाता येतं का, हेही याच खात्यात मोजा. उजवीकडेच जाणाऱ्या गार्डला चांगला बचावपटू एका क्वार्टरमध्ये ओळखतो.

तिसरा: शॉट. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा बास्केटपासून ६.७५ मीटरवर असते. आपल्याकडे बरेच सामने उघड्या सिमेंटच्या कोर्टवर होतात. वारा, ऊन आणि जुनी रिंग यामुळे लांबच्या शॉटचा आकडा फसवा निघू शकतो. म्हणून फ्री थ्रो बघा. अंतर ठरलेलं, समोर हात नाही, घाई नाही. दहातले आठ टाकणाऱ्याचा लांबचा शॉट पुढे सुधारण्याची आशा असते. दहातले पाच टाकणाऱ्याचा हात मुळातून दुरुस्त करावा लागतो.

चौथा: तो कुणाला अडवतो? पाच फूट दहाचा गार्ड पुढच्या पातळीवर सहा फूट तीनच्या गार्डसमोर उभा राहणार. समोरच्या संघाचा सर्वात चांगला खेळाडू प्रशिक्षक त्याच्याकडे देतात, की त्याला कुठेतरी कोपऱ्यात लपवतात? लपवत असतील, तर उत्तर तिथेच मिळालं.

पाचवा: वय. एकोणिसाव्या वर्षी पंचवीस आणि बाविसाव्या वर्षी पंचवीस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याहून महत्त्वाचं, मागच्या वर्षी जी उणीव होती ती या वर्षी गेली का? शिकण्याचा वेग ज्याचा चांगला, त्याच्यावर कुणीही वेळ घालवायला तयार होतं.

दुकान चालू आहे का?

समजा पाचही प्रश्नांत मुलगा पास झाला. मग विकत घेणारा कोण? इथे आपल्या देशातलं चित्र प्रामाणिकपणे बघावं लागतं. २०१५ मध्ये यूबीए ही बास्केटबॉल लीग सुरू झाली. त्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे आपल्या राज्यातले संघही होते. दोन-तीन वर्षांत ती थांबली. त्यानंतर आयएनबीएल आली, २०२५ मध्ये तिचीच सहा संघांची प्रो स्पर्धा झाली. प्रयत्न चांगला आहे, पण त्यावर पंधरा वर्षांचं करिअर बेतावं एवढी मुळं अजून धरलेली नाहीत.

कबड्डीशी तुलना करा म्हणजे कळेल. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे आणि तिथे खेळाडूचा भाव उघड लिलावात ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडे ३६.४ लाखांना गेला आणि एका मोसमानंतर तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. पुढे दुखापतीनं त्याचा जवळपास एक अख्खा मोसम खाल्ला, हीदेखील त्याच बाजाराची बाजू. पण बाजार आहे. बास्केटबॉलमध्ये अजून तो उभा राहतोय.

म्हणून भारतातल्या बहुतेक चांगल्या बास्केटबॉलपटूंचं पोट लीगवर नाही, नोकरीवर चालतं. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसीसारख्या कंपन्या. स्वतः भृगुवंशीही ओएनजीसीचाच. मुलींसाठी रेल्वेची वाट तर फार जुनी आणि पक्की आहे. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाकडून खेळली, तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलींनी हा खेळ सोडून द्यावा असं अजिबात नाही. शिवाय राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र तिथे कोणत्या स्पर्धेत कितवा क्रमांक, हे बघतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. डिग्रीही लागतेच.

मग त्या मुलानं काय करावं?

दारव्ह्याला स्काउट येत नाही. शकुंतला धावत होती तेव्हाही येत नव्हता. त्यामुळे पहिलं दार अमरावती विद्यापीठाच्या संघाचं. तिथून पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. आपले आकडे खरे की फुगलेले, ते याच पायऱ्यांवर समजतं. कुणाला व्हिडिओ पाठवायचा तर अख्ख्या सामन्याचा पाठवा. निवडक बास्केटची रील प्रत्येकाकडे असते, चुका झाल्यावर मुलगा कसा वागतो ते तिच्यात दिसत नाही. आणि ‘तुझी निवड झाली, आता एवढे पैसे भर’ असं म्हणणारा भेटला, तर फोन ठेवून द्या.

माझं मत विचाराल तर, पाच फूट दहाच्या या मुलाला व्यावसायिक लीगची आशा कमी आहे. फ्री थ्रो, चेंडूवरचा ताबा आणि बचाव तिन्ही पक्के असतील तरच ती धरावी. विद्यापीठाचा रंग मिळवणं आणि त्या जोरावर नोकरी, ही मात्र खरीखुरी शक्यता आहे. त्यासाठी दोन वर्षं द्यायला हरकत नाही. पेपर सोडण्याचं कारण मला दिसत नाही. पेपर देऊन, एम.ए.ला प्रवेश घेऊन विद्यापीठाकडून खेळता येतं.

मित्रांनीही एक काम करावं. पुढच्या सामन्याला वही घेऊन बसा आणि त्याचे गुण सोडून बाकी सगळं लिहा. किती शॉट, किती पास, किती वेळा चेंडू गेला, कुणाला अडवलं. पाच सामन्यांनंतर ती वही त्याच्या हातात द्या. ‘पुढे जाते हे’ यापेक्षा ती त्याच्या जास्त कामी येईल.